थर्मामीटरमधला पारा आणि त्याचे वारसदार



या सदरासाठी आमच्याकडे जी पत्रे येतात त्यांत शाळकरी मुलांची पत्रे जास्त असतात. या खेपेस मात्र एका गृहिणी भगिनीचे पत्र आले आहे आणि ते आम्ही बाजूला ठेवू शकलो नाही. त्यांच्या घरी थोरल्या मुलाला ताप होता. थर्मामीटर झटकताना तो कॉटच्या दांडीवर आपटून फुटला आणि पाऱ्याचे चकचकीत मणी फरशीभर पळाले. पोरांना मजा वाटली. धाकटीने ते तळहातावर घेऊन खेळवले, एकाने तांब्याच्या जुन्या नाण्यावर चोळून नाणे चांदीसारखे पांढरे केले. आजीने उरलेला पारा काडेपेटीत घालून फळीवर ठेवला, "उपयोगी पडेल" म्हणून. पुढे ताई विचारतात: हे विषारी असते म्हणतात ते खरे का? आणि नवा थर्मामीटर आणायला गेले तर दुकानदार पाऱ्याचा देतच नाही, बॅटरीचा देतो. भिंतीवर लावायचा लाल रंगाचा मिळतो, त्याने ताप मोजता येईल का? पाऱ्यात असे काय होते की आजवर तोच घालत होते?

प्रश्न तीन आहेत, पण फळीवरच्या काडेपेटीचा निकाल आधी लावू. विज्ञान थोडा वेळ थांबेल.

होय, पारा विषारी आहे. तो पाण्यासारखा वाहतो आणि पाण्यासारखीच त्याची वाफही होते, घरातल्या साध्या उष्णतेतसुद्धा. ती वाफ दिसत नाही, तिला वास येत नाही. ती श्वासावाटे फुप्फुसातून रक्तात जाते आणि मेंदू, मज्जातंतू व मूत्रपिंड यांना इजा करते. लहान मुलांना आणि गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला तिचा धोका अधिक. पारा गिळला गेला तर लोक घाबरून जातात. पण थर्मामीटरमधला थोडासा पारा पोटात गेला तर तो बहुतेक सगळा शौचावाटे तसाच बाहेर पडतो. तिथे फुटक्या काचेचीच भीती अधिक, म्हणून डॉक्टरांना दाखवावे हे बरे. खरी काळजी श्वासाची. एका थर्मामीटरमध्ये पारा असतो साधारण अर्धा ते एक ग्रॅम. एकदा फुटला आणि नीट उचलला तर घाबरण्याचे कारण नाही. पण बंद खोलीत, फरशीच्या फटीत किंवा काडेपेटीत तो महिनोन्महिने वाफ सोडत राहिला, तर एका खोलीच्या बिऱ्हाडात ती हवा सगळ्यांनाच घ्यावी लागते.

तेव्हा ताई, ती काडेपेटी आजच खाली काढा. तो पारा घट्ट झाकणाच्या काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बाटलीत घाला, वरून चिकटपट्टी गुंडाळा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी, स्वयंपाकापासून दूर ठेवा.

पुन्हा कुणाच्या घरी असे झाले तर काय करायचे तेही सांगून ठेवतो. मुलांना खोलीबाहेर काढावे, खिडक्या-दारे उघडावीत, पंखा बंद करावा. हातातल्या अंगठ्या काढून ठेवाव्यात. सोन्याला पारा लागला की तो सोन्यात शिरतो आणि अंगठी पांढरी पडते. झाडू मुळीच फिरवू नये. झाडूने एका मण्याचे शंभर मणी होतात आणि झाडूही विटाळतो. हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधून, दोन जाड पुठ्ठ्यांनी मणी एकमेकांकडे ढकलावेत. ते आपसूक एक होतात. मग सुई काढलेल्या सिरिंजने किंवा ड्रॉपरने ओढून बाटलीत सोडावेत. बारीक कण चिकटपट्टीला लागतात. दिवा मालवून बॅटरीचा उजेड फरशीवर आडवा टाकला की राहिलेला कण चमकतो. गोधडीवर सांडला असेल तर तेवढा तुकडा कापून टाकणे जिवावर येते हे आम्हाला कळते, तरी कापावाच. मोरीत ओतू नये, चुलीत तर कधीच टाकू नये. तापला की सगळा पारा एकदम वाफ होऊन घरात पसरेल.

बाटली मग द्यायची कुठे? २०१६ सालच्या घनकचरा नियमांत फुटलेल्या पाऱ्याच्या थर्मामीटरला घरातला घातक कचरा म्हटले गेले, म्हणजे ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता तो वेगळा द्यायचा. बाटलीवर "पारा" असे लिहावे आणि पालिकेच्या कचरा गोळा करणाऱ्या माणसाच्या हातात सांगून द्यावी. कचऱ्याच्या ढिगात हात घालणारी माणसे कोणाच्या घरची असतात हे आमच्या वाचकांना सांगायला नको. पिशवीत काय आहे हे त्यांना कळले पाहिजे.

आता पाऱ्यात एवढे काय आहे ते बघू.

थर्मामीटर ही वस्तू मुळात फार साधी आहे. बहुतेक द्रवपदार्थ तापले की फुगतात. डब्यात काठोकाठ तेल भरून उन्हात ठेवले की ते ओसंडते, तसेच. काचेच्या एका छोट्या फुग्यात द्रव भरायचा, फुग्याला बारीक नळी जोडायची आणि वरचे तोंड बंद करायचे. द्रव फुगला की त्याला जायला नळीशिवाय जागा नाही. नळी जितकी बारीक तितका तो उंच चढणार. नळीवर खुणा केल्या की झाला थर्मामीटर.

मुलांनी हे घरी करून पाहावे. दवाखान्यातून इंजेक्शनच्या औषधाची १० मिलिलिटरची रिकामी, स्वच्छ बाटली आणावी. तिच्या रबरी बुचाला भोक पाडून बॉलपेनची धुतलेली रिकामी रिफिल घट्ट बसवावी. बाटलीत शाईचे पाणी काठोकाठ, हवेचा बुडबुडा न ठेवता भरावे आणि बूच दाबावे. थोडे पाणी रिफिलमध्ये चढते, तिथे खूण करावी. मग ती बाटली मोठ्या माणसाकडून ऊन पाण्याच्या वाटीत ठेवून घ्यावी. पाणी चाळीस-पन्नास मिलिमीटर किंवा त्याहूनही वर चढताना दिसेल. नीट लक्ष ठेवले तर आणखी एक गंमत दिसेल. बाटली ऊन पाण्यात टेकवताच आतली पातळी आधी किंचित खाली येते आणि मग चढू लागते. कारण ऊब आधी काचेला लागते. काच फुगते, बाटली क्षणभर मोठी होते आणि आतले गार पाणी तिला अपुरे पडते. मग पाणीही तापते आणि काचेवर मात करते. म्हणजे थर्मामीटरमध्ये आपण द्रवाचे एकट्याचे फुगणे पाहत नाही. द्रवाच्या फुगण्यातून काचेचे फुगणे वजा जाऊन जे उरते, ते पाहतो. म्हणून द्रव काचेपेक्षा पुष्कळच जास्त फुगणारा हवा.

मग पाणीच का नको? फुकट मिळते, विषारी नाही. मुले हा प्रश्न हमखास विचारतात आणि विचारावाच असा आहे. एक तर पाणी शून्य अंशाला गोठते आणि गोठताना फुगून काच फोडते. शंभराला उकळते. पण या दोन गोष्टी सोडल्या तरी पाण्याच्या अंगी एक खोड आहे. शून्यापासून ४ अंश सेल्सिअसपर्यंत तापवले तर ते फुगण्याऐवजी आकसते आणि ४ अंशानंतर फुगू लागते. त्यामुळे शून्य अंशाला आणि साधारण ८ अंशाला त्याची पातळी सारखीच असते. नळीकडे बघून शून्य म्हणावे की आठ? पुढेही ते सारख्या चालीने फुगत नाही. गार असताना सावकाश, गरम असताना भराभर. शून्य आणि शंभर या खुणा करून मधले शंभर सारखे भाग पाडले तर ५० अंशाच्या पाण्यात हा थर्मामीटर २७ च्या आसपास दाखवील. असे माप कोणाच्या कामाचे?

चांगल्या द्रवाची पहिली अट हीच, की प्रत्येक अंशाला त्याने सारखे फुगावे. दुसरी, गोठण्याचा आणि उकळण्याचा बिंदू कामाच्या पट्ट्यापासून लांब असावा. तिसरी, तो दिसावा. चौथी, काचेला चिकटू नये. पाचवी, ऊब चटकन घ्यावी. या पाचही अटी बऱ्यापैकी पाळणारा द्रव शोधायला माणसाला शंभरावर वर्षे लागली.

सन १६०० च्या आसपास इटलीत गॅलिलिओच्या काळी जे उपकरण होते त्यात हवा फुगे आणि आकसे; पण ते एका बाजूने उघडे, त्यामुळे हवेचा दाब बदलला की उष्णता तीच असूनही पातळी हले. पुढे सतराव्या शतकाच्या मध्यास तस्कनीचा ड्यूक फर्डिनांड दुसरा याच्या दरबारी काच तापवून तोंड बंद केलेले थर्मामीटर झाले, त्यांत दारूचा अर्क, म्हणजे अल्कोहोल असे. आज भिंतीवर दिसणाऱ्या लाल थर्मामीटरचे हे थेट पूर्वज. पाऱ्याला खरा मान मिळवून दिला तो डॅनियल फॅरनहाइट याने. हा १६८६ साली डान्झिग शहरात जन्मला. वयाच्या पंधराव्या वर्षी आईबाप विषारी अळंबी खाऊन एकाच दिवशी गेले आणि पोराला ॲमस्टरडॅमला व्यापाऱ्याच्या हाताखाली उमेदवारीला धाडले. त्याचे लक्ष हिशेबाच्या वहीपेक्षा काचेच्या नळ्यांत. १७१४ च्या सुमारास त्याने पाऱ्याचे असे थर्मामीटर केले की दोन थर्मामीटर शेजारी ठेवले तर दोन्ही एकच आकडा दाखवीत. आज हे किरकोळ वाटेल. त्या काळी प्रत्येक कारागिराचा अंश वेगळा होता. पुढे १७४२ साली स्वीडनच्या सेल्सिअसने शंभर भागांची पट्टी काढली, तीही उलटी: उकळत्या पाण्याला शून्य आणि बर्फाला शंभर! ती नंतर सुलटी करण्यात आली.

पारा खरोखर सारखा फुगतो का, हे तपासायचे कसे? मोजायला थर्मामीटरच हवा आणि संशय थर्मामीटरवरच! जिनिव्हाच्या झां आंद्रे द ल्यूक याने अठराव्या शतकात यावर बायकांनी अंघोळीचे पाणी विसणावे तशी युक्ती काढली. बर्फाइतके गार पाणी आणि उकळते पाणी सारख्या वजनाने मिसळले की मिश्रण बरोबर मध्ये यायला हवे. त्यात एकेका द्रवाचा थर्मामीटर बुडवून कोण मध्याच्या जवळ येतो ते पाहायचे. पारा सगळ्यांत जवळ आला, अल्कोहोल मागे राहिले, पाणी फारच मागे. आम्हाला या सगळ्या इतिहासात हा प्रयोग सर्वांत आवडतो.

पाऱ्याचे बाकीचे गुणही बघा. तो उणे ३८.८ अंश सेल्सिअसला गोठतो आणि सुमारे ३५७ अंशाला उकळतो. मधला पट्टा केवढा मोठा! तो धातू असल्याने ऊब अल्कोहोलच्या सुमारे पन्नास पट चांगली वाहतो, म्हणून लवकर आकडा देतो. आरशासारखा चमकतो, रंग घालावा लागत नाही. काचेला ओला करीत नाही, त्यामुळे खाली उतरताना मागे थेंब सोडत नाही. एका बाबतीत मात्र तो कमी पडतो. एक लिटर पारा १ अंशाने तापवला तर तो ०.१८ मिलिलिटरच वाढतो. एक लिटर अल्कोहोल १ मिलिलिटरहून अधिक, म्हणजे जवळजवळ सहापट वाढते. यावर उपाय एकच, नळी फार बारीक करायची.

किती बारीक, ते ताप मोजायच्या थर्मामीटरवरून कळेल. समजा फुग्यात अर्ध्या ग्रॅमहून थोडा अधिक पारा आहे. १ अंश सेल्सिअसने तो काचेचे फुगणे वजा जाऊन वाढतो एका घनमिलिमीटरच्या सुमारे सव्वाशेव्या भागाइतका. एवढ्याशा वाढीने पट्टीवर सहा-सात मिलिमीटर चढायचे तर आतले भोक डोक्याच्या केसापेक्षाही बारीक लागते. म्हणून तर पाऱ्याची रेघ दिसायला थर्मामीटर फिरवून फिरवून बघावा लागतो. काचेची एक बाजू भिंगासारखी घडवलेली असते, ती बरोबर समोर आली की रेघ एकदम जाड दिसते.

फुग्याच्या जरा वर नळीला एक आवळ किंवा वाक दिलेला असतो. पारा तापला की जोराने त्यातून वर जातो. काखेतून काढल्यावर फुग्यातला पारा आकसतो, पण आवळाशी धागा तुटतो आणि वरचा पारा जिथल्या तिथे राहतो. म्हणून आपण निवांत उजेडात नेऊन आकडा वाचू शकतो आणि म्हणूनच पुन्हा लावण्याआधी झटकावे लागते. पट्टी असते ३५ ते ४२ अंश सेल्सिअस, म्हणजे फॅरनहाइटमध्ये ९४ किंवा ९५ पासून १०८ पर्यंत. त्यापुढे पाऱ्याला जागाच नाही. स्वच्छ व्हावा म्हणून काही जण थर्मामीटर उकळत्या पाण्यात घालतात आणि तो फुटतो, याचे कारण हेच.

डॉक्टरांच्या खिशात मावणारा हा थर्मामीटर फार जुना नाही. १८६०च्या दशकापर्यंत तो फूटभर लांब असे आणि आकडा यायला वीस मिनिटे लागत. इंग्लंडच्या क्लिफर्ड ऑलबट नावाच्या डॉक्टरने १८६६-६७ च्या सुमारास सहा इंची थर्मामीटर करून घेतला, तो पाच मिनिटांत आकडा देई. त्याच सुमारास जर्मनीत लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिश यांनी सुमारे पंचवीस हजार रोग्यांचा ताप मोजून १८६८ साली ग्रंथ लिहिला. ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे ९८.६ फॅरनहाइट, हा आकडा त्यांच्यामुळे रुळला. ताप हा स्वतंत्र रोग नसून आतल्या रोगाची खूण आहे हे त्यांनी त्या आकड्यांवरून मांडले. आपल्याकडे अजूनही पोर तापले की कुणीतरी दृष्ट काढते, अंगारा लावते. लावणाऱ्याची माया खरी असते. पण १०१ चे १०३ झाले की १०० वर आले, हे अंगाऱ्यावरून कळत नाही. दर चार तासांनी कागदावर आकडा आणि वेळ लिहून ठेवा. तो कागद डॉक्टरला दहा प्रश्नांची उत्तरे देतो.

एवढा गुणी पारा कुठे हरतो? थंडीत. १७३४-३५ च्या हिवाळ्यात ग्मेलिन नावाचा शास्त्रज्ञ सैबेरियात येनिसेइस्क येथे होता. त्याच्या थर्मामीटरने उणे १२० फॅरनहाइट एवढी अचाट थंडी दाखवली आणि लोकांनी ती खरी मानली. मेख अशी की नळीतला पारा गोठत होता आणि गोठताना एकदम आकसून खाली जात होता. तोवर पारा गोठू शकतो यावरच कुणाचा विश्वास नव्हता. १७५९ च्या डिसेंबरात पीटर्सबर्गला ब्राउन याने बर्फ आणि आम्ल यांच्या मिश्रणात पारा गोठवून दाखवला, तेव्हा उलगडा झाला. आपल्याकडे सियाचिनवर उणे ५० अंशापर्यंत थंडी पडते; तिथे पाऱ्याची नळी म्हणजे शिशाच्या तारेसारखीच.

अशा ठिकाणी अल्कोहोल कामाला येते. ते उणे ११४ अंशापर्यंत गोठत नाही. पण ७८ अंशाला उकळते, काचेला ओली करते, रंग घालावा लागतो आणि त्याची चाल पाऱ्याइतकी सारखी नाही. आपल्या गावचे किमान आणि कमाल तापमान आपण बातम्यांत ऐकतो. वेधशाळेच्या पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत यासाठी दोन निराळे थर्मामीटर आडवे ठेवण्याची पद्धत होती. दुपारचे कमाल तापमान पाऱ्याच्या नळीने धरायचे, तिला आपल्या ताप मोजायच्या थर्मामीटरसारखाच आवळ. पहाटेचे किमान तापमान अल्कोहोलच्या नळीने. तिच्यात एक छोटी काडी असते, द्रव आकसताना तिला मागे ओढून नेतो आणि पुन्हा फुगताना तिच्या बाजूने निघून जातो. काडी जिथे राहिली तिथे रात्रीची सर्वांत जास्त थंडी. आता स्वयंचलित यंत्रे बसत आहेत, पण या दोन द्रवांची वाटणी शेदोनशे वर्षे चालली. आरोग्य केंद्रातल्या लसीच्या फ्रिजमध्येही २ ते ८ अंश सांभाळण्यासाठी नर्सबाई ज्या नळीवरून दिवसातून दोनदा आकडा लिहीत, ती अल्कोहोलचीच. लशीजवळ पारा फुटणे कुणाला परवडणार?

त्याहून थंड जागी पेंटेन नावाचा द्रव वापरतात, तो उणे २०० अंशाच्या आसपासपर्यंत चालतो. गरम कामासाठी रंगवलेले रॉकेलसारखे तेलही वापरतात. भिंतीवरच्या लाल थर्मामीटरात अल्कोहोल किंवा असेच तेल असते.

त्याने ताप मोजता येईल का? नाही, ताई. एक तर त्यात ३७ आणि ३८ मधल्या बारीक खुणा नसतात. दुसरे, अल्कोहोल काचेला चिकटून राहते, आवळाशी पाऱ्यासारखे स्वच्छ तुटत नाही. काखेतून काढताच आकडा उतरू लागतो. तो भिंतीवरच बरा. काचेचाच हवा असेल तर पाऱ्याचा एक वारसदार आहे, गॅलिनस्टान: गॅलियम, इंडियम आणि कथील यांचे मिश्रण. दिसायला पाऱ्यासारखे, घरातल्या उष्णतेत पातळ, पाऱ्यासारखी विषारी वाफ सोडत नाही. ते उणे १९ अंशाला गोठते, पण ताप मोजायला तेवढे पुष्कळ झाले. त्याला काचेला चिकटायची भारी खोड, म्हणून नळीला आतून गॅलियम ऑक्साइडचा थर द्यावा लागतो. पेटीवर पारा नसल्याचे लिहिले आहे का ते पाहून घ्यावे.

पारा बाजारातून जातो आहे त्यामागे घरात फुटणाऱ्या थर्मामीटरपेक्षा मोठी गोष्ट आहे. तमिळनाडूत कोडाईकनाल या थंड हवेच्या ठिकाणी थर्मामीटरचा मोठा कारखाना होता. १९८०च्या दशकात अमेरिकेतून उठवून तो इथे आणला गेला आणि पुढे हिंदुस्थान लिव्हर कंपनीकडे आला. माल मुख्यतः परदेशी जाई. डोंगरातली पोरे-पोरी तिथे पारा भरीत, फुटक्या नळ्या वेचीत. २००१ साली कारखान्याची पारा लागलेली फुटकी काच गावातल्या भंगारवाल्याकडे उघड्यावर सापडली, ओरड झाली आणि कारखाना बंद पडला. २००३ साली सुमारे २९० टन पारामिश्रित कचरा जहाजाने अमेरिकेला परत गेला. मूत्रपिंडाचे, मेंदूचे, गर्भपाताचे त्रास या कामामुळे झाले असे कामगारांचे म्हणणे. कंपनीने ते मानले नाही. पंधरा वर्षे लढल्यावर २०१६ च्या मार्चमध्ये ५९१ माजी कामगारांशी कंपनीने तडजोड केली. घरात अर्धा ग्रॅम सांडला तर खिडकी उघडायची हे आपण आता शिकलो. ज्यांच्या हातून रोज किलोकिलोने पारा जात होता त्यांना कुणी काय सांगितले होते, हा प्रश्न आम्हाला सोडत नाही.

जपानमधल्या मिनामाता गावी कारखान्याने समुद्रात सोडलेला पारा माशांत गेला आणि माशांतून माणसांत. १९५६ साली त्या रोगाची अधिकृत नोंद झाली. त्या गावाच्या नावाने २०१३ साली जगातल्या देशांनी पाऱ्याविरुद्ध करार केला. तो २०१७ पासून अमलात आला, भारताने २०१८ साली त्याला मान्यता दिली. पाऱ्याचे थर्मामीटर तयार करणे आणि आयात-निर्यात करणे थांबवायला त्यात २०२० ही मुदत होती. काही देशांना ती वाढवून घेण्याची सोय होती. तुमच्या दुकानदाराच्या "नाही" मागे एवढा इतिहास आहे.

राहिला बॅटरीचा थर्मामीटर. त्यात द्रव नाहीच. टोकाला थर्मिस्टर नावाचा एक बारीक मणी असतो. तापला की त्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो. किती कमी झाला ते मोजून आतली चकती आकडा दाखवते. चांगल्या बनावटीचा असेल तर एक दशांश अंशापर्यंत बरोबर असतो, म्हणजे भरवशात तो पाऱ्याला हार जात नाही. टोक काखेच्या खोलगट भागात कातडीला नीट टेकले पाहिजे, घाम पुसलेला असावा, आणि सोबतच्या कागदावर काखेसाठी दिलेला वेळ पाळावा. काखेतला आकडा तोंडातल्या आकड्यापेक्षा सुमारे अर्धा अंश सेल्सिअस, म्हणजे फॅरनहाइटमध्ये साधारण एक अंश कमी येतो. ३८ सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइटपासून डॉक्टर ताप धरतात. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला एवढा ताप दिसला तर घरगुती उपाय करीत बसू नये, रात्र असली तरी दवाखाना गाठावा.

याही थर्मामीटरमध्ये मुलांपासून जपायची एक गोष्ट आहे, ती म्हणजे आतली बटणासारखी बॅटरी. ती पोराने गिळली आणि घशाशी अडकली तर काही तासांत आतून भाजते. म्हणून विकत घेताना बॅटरीचे झाकण सहज निघत नाही ना, ते दुकानातच बघून घ्यावे आणि संपलेली बॅटरी पाऱ्याच्या त्या बाटलीसोबतच वेगळी द्यावी.